चाकांवरचे घर: बेळगावातून कायमच्या प्रवासाला निघण्यापूर्वी गाडीची बांधणी आणि देखभाल

गाडीचेच घर करून कायम फिरत राहण्याची इच्छा असलेली मंडळी भेटतात, तेव्हा त्यांचे पहिले प्रश्न बहुधा आतल्या मांडणीविषयी असतात. ओटा कोणत्या बाजूला घ्यावा, बिछाना आडवा ठेवावा की उभा, कपाटांना कोणता रंग द्यावा. माझा आग्रह असा आहे की हे प्रश्न सर्वांत शेवटी यावेत. आधी रिकामी गाडी घ्यावी, तीत एक गादी, पाण्याचे दोन कॅन आणि एक शेगडी ठेवावी, बेळगाव जिल्ह्यातच एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढावा आणि मगच पहिले कपाट ठोकावे. आम्ही नवरा-बायको गेली चार वर्षे वर्षातील बहुतेक दिवस गाडीतच राहतो. आमची पहिली बांधणी याच्या उलट क्रमाने झाली होती आणि तिच्यातील निम्मे लाकूडकाम आम्हाला दुसऱ्या वर्षी उखडावे लागले.

गाडीची परीक्षा घेण्यासाठी बेळगावसारखी जागा शोधून सापडणार नाही. पश्चिमेला खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबी, आमगाव हा पट्टा आहे, जिथे जुलैमध्ये पाऊस चार-चार दिवस उसंत घेत नाही आणि कोरडा टॉवेलही रात्रीत दमट होतो. पूर्वेला अथणी, रायबाग, सौंदत्ती हा पर्जन्यछायेतील कोरडा मुलूख आहे, जिथे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याची गाडी दुपारी भट्टीसारखी तापते. गोव्याकडे उतरणारे चोर्ला आणि अनमोड हे घाट आहेत, चंदगडच्या बाजूने तिलारी आणि आंबोली आहेत, आणि निपाणीपासून कित्तूरपर्यंत जिल्ह्याच्या मधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे. पाऊस, ऊन, चढ-उतार आणि महामार्ग या चारही गोष्टी घरापासून तीन-चार तासांच्या आत मिळतात. शिवाय काही मोडलेच, तर उद्यमबागेत फाउंड्री, लेथ आणि वेल्डिंगची अशी कामे होतात की नमुना हातात दिला, तर साधा ब्रॅकेट संध्याकाळपर्यंत तयार होऊन मिळू शकतो. राजस्थानच्या वाळवंटात किंवा स्पितीच्या रस्त्यावर ही सोय नसते. म्हणून मोडायचे ते इथेच मोडू द्यावे.

गाडीची निवड आणि वजनकाटा

आपल्या भागात या कामासाठी टेम्पो ट्रॅव्हलर आणि विंगर या दोन गाड्या सर्वाधिक घेतल्या जातात आणि त्यामागे योग्य कारण आहे. उंच छताच्या प्रकारात सर्वसाधारण उंचीचा माणूस आत सरळ उभा राहू शकतो आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. त्यांचे काम माहीत असलेला मेस्त्री शोधावा लागत नाही, हा सर्वांत मोठा फायदा. सर्वांत लांब व्हीलबेसची गाडी आतून मोहात पाडते, परंतु ती घेण्यापूर्वी तेवढ्याच लांबीची गाडी भाड्याने घेऊन बेळगावातील शहापूरच्या गल्ल्यांतून आणि चोर्ल्याच्या वळणांवरून एकदा चालवून पाहावी. जुनी गाडी घेणार असाल, तर इंजिनापेक्षा आधी चॅसिस पाहावी. मागच्या चाकांच्या कमानींच्या आतील बाजू, दाराखालची पट्टी, छताच्या कडेची पन्हळ आणि कमानपाट्यांची बुशे या जागांवर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. पत्रा दबला, तर रंगाखाली गंज आहे असे समजावे. किनारपट्टीवर वापरलेल्या गाडीत हा गंज अधिक असतो. बीएस-६ (भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकाची) डिझेल गाडी घेतल्यास एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: धुराच्या नळकांड्यातील काजळीचे फिल्टर स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने धावावी लागते. केवळ बॅटरी भरण्यासाठी इंजिन उभ्या-उभ्या तासन्‌तास चालू ठेवणाऱ्यांचे फिल्टर लवकर चोंदते.

यानंतर वजन. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, गाडीचे रिकामे वजन आणि एकूण भारित वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक एवढीच तुमच्या संसाराची मर्यादा. हा फरक फार लवकर संपतो. आठ बाय चार फुटांच्या १९ मिलिमीटर प्लायवूडचा एक ताव सुमारे ३५ किलोंचा असतो. असे आठ ताव वापरले की कपाटांचेच वजन पावणेतीनशे किलोंच्या पुढे जाते आणि त्यात अजून एकही भांडे ठेवलेले नसते. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी एकटीच ५० किलोंहून अधिक भरते. म्हणून आमच्या दुसऱ्या बांधणीत सांगाडा ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीचा केला आणि त्यावर ९ मिलिमीटरचे प्लाय बसवले. प्लाय घेताना आयएस ७१० असा शिक्का असलेले, म्हणजे मरीन दर्जाचे घ्यावे, कारण साधे प्लाय कणकुंबीच्या एका पावसाळ्यात कडेने फुगते.

आपल्याकडे उसाचे कारखाने आणि बाजारपेठा असल्यामुळे संकेश्वर, चिकोडी, निपाणीच्या बाजूला वजनकाटे ठिकठिकाणी सापडतात. बांधणीच्या प्रत्येक टप्प्यानंतर गाडी काट्यावर न्यावी. काटेवाल्या काकांना विनंती करून आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन करावे, मग फक्त मागची आणि शेवटी पूर्ण गाडी. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या आसावर (ॲक्सलवर) प्रमाणाबाहेर भार असणे ही या गाड्यांतील सर्वांत नित्याची चूक आहे, आणि ती केवळ पूर्ण वजन करून कळत नाही. पाण्याची टाकी आणि बॅटरी दोन्ही आसांच्या मधे, शक्य तितक्या खाली बसवल्या, तर गाडी वळणावर झुलत नाही.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. आसने काढणे, गाडीच्या वर्गात बदल करणे, छत उंचावणे यांसाठी परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन ती आरसीवर नोंदवावी लागते. मोटर कॅराव्हॅनच्या, म्हणजे राहण्यासाठी केलेल्या गाडीच्या, बांधणीसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. ज्या कारागिराकडे काम द्याल, त्याला ते माहीत आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. खाजगी वापराच्या कॅम्पर व्हॅनची नोंद बिगर-वाहतूक वाहन म्हणून होऊ शकते. ती तशी करून घ्यावी, कारण पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक वाहतुकीची, गाडी असेल, तर प्रत्येक राज्याच्या सीमेवर परमिट आणि कराचा प्रश्न उभा राहतो. आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसाला हे अधिक जाणवते, कारण आपण सकाळी कर्नाटकात चहा घेतो, दुपारी चंदगडात जेवतो आणि रात्री गोव्यात पोहोचतो.

बदल नोंदवून झाल्यावर विमा कंपनीला लेखी कळवावे आणि पॉलिसीवर त्याची नोंद घेतल्याचे पत्र मिळवावे. ज्या बदलाची नोंद नाही, त्याच कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो. कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, म्हणून मुक्कामांच्या तारखांची नोंद वहीत असावी. आणि कितीही फिरलात, तरी एक स्थिर पत्ता राखावा. बँक, मतदार यादी, विमा, आरसी हे सगळे त्या पत्त्यावर चालते. आमचा पत्ता टिळकवाडीतील माझ्या भावाच्या घराचा आहे आणि आलेली पत्रे माझी वहिनी फोटो काढून पाठवते.

पाऊस आत येऊ न देणे

पहिल्या बांधणीत एका कारागिराने छतावरचा पंखा बसवताना कडेने साधे सिलिकॉन भरले होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कणकुंबीच्या माउली मंदिराजवळ मुक्काम असताना रात्री दोनच्या सुमारास माझ्या कपाळावर एक थेंब पडला. उठून टॉर्च लावली, तर पंख्याच्या चौकटीच्या एका स्क्रूच्या टोकाशी पाणी जमून, फुगून, मिनिटाला एक या गतीने गळत होते. सकाळी छताचे आतील अस्तर सोडवले, तेव्हा उष्णतारोधक म्हणून भरलेली काचलोकर चार फुटांपर्यंत चिंब झालेली आढळली. तो थेंब दिसण्याच्या कितीतरी आधीपासून पाणी आत येत होते.

त्यातून शिकलेल्या गोष्टी सांगतो. छताला पाडलेल्या प्रत्येक छिद्राच्या कापलेल्या कडेला आधी गंजरोधक प्रायमर लावावा. चौकटीखाली ब्युटाइल टेप द्यावी, ती स्क्रूंनी समान दाबात आवळावी आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट भरावा. सिलिकॉनवर पुढे दुसरे काहीही नीट चिकटत नाही, म्हणून त्याची दुरुस्ती करताना ते संपूर्ण खरवडून काढावे लागते. शक्य तिथे छिद्र पाडणेच टाळावे. सौर पॅनेल छताच्या कडेच्या मूळ बोल्टांवर रेलिंग बसवून त्यावर घ्यावे. उष्णतारोधक म्हणून काचलोकर न वापरता बंद छिद्रांचा फोम घ्यावा, म्हणजे नायट्राइल रबराची शीट किंवा एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीन) फोमची शीट. ती थेट पत्र्याला चिकटवावी आणि मधे हवेची पोकळी ठेवू नये.

बाहेरचा पाऊस थांबवला, तरी आतला ओलावा राहतोच. दोन माणसांच्या श्वास-घामातून एका रात्रीत सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत जाते आणि थंड पत्र्यावर त्याचे दव होते. त्यावर उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे हवा खेळती ठेवणे. छतावरचा पंखा मंद गतीने बाहेर हवा फेकत ठेवावा आणि पावसाच्या विरुद्ध बाजूची खिडकी दोन बोटे उघडी असावी. गादीखाली सलग फळी न घालता पट्ट्यांची चौकट करावी, नाहीतर महिन्याभरात गादीच्या खालच्या बाजूला काळी बुरशी दिसते. माझ्या पत्नीने आणखी एक नियम घातला आहे, की पावसाळ्यात ओले कपडे गाडीच्या आत वाळत घालायचे नाहीत. लॉन्ड्रीत देऊन वाळवून आणायचे. वर्षभर गाडीत राहिल्यावर या नियमाचे मोल पटते.

वीज

या विषयावर थोडे सविस्तर लिहितो, कारण अपघाताचा आणि अकारण खर्चाचा सर्वाधिक धोका इथेच आहे.

आधी रोजची गरज वॉट-तासांत मांडावी. आमचा हिशोब असा आहे: १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना ५० वॉट घेतो आणि उन्हाळ्यात दिवसातून एकूण १२ तास चालतो, म्हणजे ६०० वॉट-तास. २८ वॉटचा बीएलडीसी (कमी वीज घेणारा) पंखा १० तास, म्हणजे २८०. दिवे १००, मोबाइल आणि लॅपटॉप १८०, पाण्याचा पंप २०. बेरीज ११८०, आणि वायरी व इन्व्हर्टरमधील घट धरून सुमारे १४००. १२.८ व्होल्टच्या २०० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत २५६० वॉट-तास साठतात आणि त्यांतील ८० टक्के निर्धास्तपणे वापरता येतात, म्हणजे आमच्यासाठी जवळपास दीड दिवस. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक काढू नये, त्यामुळे तेवढ्याच वापरासाठी ती जवळपास दीडपट क्षमतेची घ्यावी लागते आणि वजन कितीतरी पटींनी वाढते. सुरुवातीला लिथियमची किंमत खटकते, तरीही कायमच्या वास्तव्यासाठी मी तिचीच शिफारस करीन.

सौर पॅनेलचे आकडे विकणारा सांगतो ते कोरड्या, स्वच्छ आकाशाचे असतात. आमचे ४०० वॉटचे पॅनेल फेब्रुवारीत सौंदत्तीच्या माळावर दिवसाला १४०० वॉट-तासांच्या आसपास देतात. तेच पॅनेल जुलैत जांबोटीच्या झाडीत ३०० सुद्धा देत नाहीत. म्हणून पश्चिम घाटात राहणाऱ्याने केवळ सूर्यावर विसंबू नये. गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर चालणाऱ्या जनित्रावरून) राहत्या भागाची बॅटरी भरण्यासाठी डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा. ३० अँपिअरचा चार्जर तासाला साधारण ४०० वॉट-तास देतो, म्हणजे बेळगावहून कोल्हापूरला जाऊन येण्यात दिवसाची गरज भागते. नव्या गाड्यांतील अल्टरनेटर स्वतः व्होल्टेज कमी-जास्त करतात, त्यामुळे जुन्या पद्धतीने नुसता रिले लावून इंजिनाची आणि राहत्या भागाची अशा दोन बॅटऱ्या जोडणे योग्य नव्हे. तिसरा मार्ग म्हणून बाहेरून २३० व्होल्टची जोडणी घेण्याचा सॉकेट असावा आणि त्याच्या मागे आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

आता वायर. १२ व्होल्टच्या जोडणीत प्रवाह मोठा असतो, म्हणून घरातल्या जाडीची वायर इथे चालत नाही. एका एप्रिलमध्ये सौंदत्तीजवळ आमचा फ्रीज दुपारी वारंवार बंद पडू लागला. दूध दोनदा नासले आणि फ्रीज बिघडला असे समजून तो दुरुस्तीला नेण्याची तयारी झाली. त्याआधी मल्टिमीटर लावला. बॅटरीच्या टोकांवर १२.९ व्होल्ट होते, आणि फ्रीज चालू असताना त्याच्या प्लगवर ११.७. मधली वायर १ चौरस मिलिमीटरची, सात मीटर लांब, जाऊन-येऊन चौदा मीटर होती आणि ५ अँपिअरला त्या वायरीतच १.२ व्होल्ट जिरत होते. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी प्रवाह आणखी वाढला की व्होल्टेज अधिक खाली येई आणि फ्रीजचे संरक्षण सर्किट त्याला बंद करी. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढल्यावर घट ०.२ व्होल्टवर आली आणि फ्रीज आजतागायत नीट चालू आहे. तेव्हा कोणतेही उपकरण बिघडले असे ठरवण्यापूर्वी, ते चालू असताना त्याच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजावे.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत असावा आणि प्रत्येक शाखेला वायरीच्या जाडीनुसार वेगळा फ्यूज असावा. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, उपकरणाच्या नव्हे. १००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ९० अँपिअरच्या वर खेचतो, म्हणून त्याची वायर किमान २५ चौरस मिलिमीटरची आणि शक्य तितकी आखूड ठेवावी. वायरीच्या टोकांचे लग (धातूची टोपणे) हातोडीने ठोकून बसवू नयेत. हायड्रॉलिक क्रिम्पिंग यंत्र असलेल्या माणसाकडूनच ते करून घ्यावेत, कारण गाडीच्या हादऱ्यांनी ढिली झालेली जोडणी तापते आणि आग तिथून सुरू होते. दर तीन महिन्यांनी वायरी पूर्ण भाराखाली असताना प्रत्येक जोडाजवळ उलटा हात नेऊन पाहावा. इतरांपेक्षा गरम लागणारा जोड बॅटरी सोडवून पुन्हा आवळावा.

पाणी, शौच आणि गॅस

पाण्याची टाकी फूड-ग्रेड प्लॅस्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची, पाणी डचमळू नये म्हणून आतून आडव्या पडद्यांची आणि हात आत जाईल एवढ्या झाकणाची असावी. हे झाकण नसेल, तर टाकी कधीच खरोखर स्वच्छ होत नाही. पंपाच्या आधी जाळीचा गाळक लावावा, अन्यथा बांधकामाच्या वेळी आत पडलेला प्लॅस्टिकचा कीस पहिल्याच महिन्यात पंप अडवतो. पाण्याचा स्रोत बदलला की देखभालही बदलते. पश्चिमेकडचे पाणी मऊ, परंतु पावसाळ्यात गढूळ असते. पूर्वेकडील तालुक्यांतील बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि नळांच्या तोंडाशी, गिझरच्या नळीत पांढरा क्षार धरतो. तो महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणाने काढावा. पिण्याचे पाणी आम्ही टाकीतून कधीच घेत नाही. त्यासाठी वीस लिटरचा स्वतंत्र कॅन आहे.

शौचालय कॅसेटचे (काढून नेता येणाऱ्या टाकीचे) असो वा नारळाच्या भुशाचे कोरडे, ते कुठे रिकामे करणार हे आधी ठरवावे. सार्वजनिक शौचालयाची टाकी, परवानगी घेऊन पेट्रोलपंपावरचे किंवा यात्रीनिवासातले शौचालय, एवढेच पर्याय योग्य आहेत. मलप्रभा कणकुंबीलाच उगम पावते आणि तिचे पाणी खाली कित्येक गावे पितात. तिच्या काठी किंवा कोणत्याही ओढ्यात टाकी रिकामी करणे मला अक्षम्य वाटते. भांडी घासलेले पाणीही आम्ही साठ लिटरच्या वेगळ्या टाकीत साठवतो.

गॅससाठी ५ किलोचा लहान सिलिंडर सोयीचा आहे. तो ओळखपत्रावर मिळतो आणि दोन माणसांना दोन आठवड्यांच्या वर सहज पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळलेला गॅस जमिनीलगत साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट गाडीबाहेर उघडणारे छिद्र हवे आणि तो कप्पा झोपण्याच्या जागेपासून बंद केलेला असावा. गॅसची सूचना देणारे यंत्र गुडघ्याच्याही खाली बसवावे आणि कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र उशाच्या उंचीवर. सिलिंडर घेताना त्याच्या कड्याच्या पट्टीवरचे अक्षर आणि वर्ष वाचावे: अ‍ॅल्फाबेटमधील ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत आणि डी डिसेंबरपर्यंत. ती तारीख उलटली असेल, तर सिलिंडर परत करावा. रबरी नळीवरही मुदत छापलेली असते. गाडी चालू करण्यापूर्वी रेग्युलेटर बंद, हा नियम एकदाही मोडू नये. दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक दाराजवळ, बाहेर उभे राहूनही हाती येईल असा टांगावा.

घाट, टायर आणि ब्रेक

भरलेली गाडी चोर्ल्यातून साखळीकडे उतरते, तेव्हा ती सातशे मीटरहून अधिक खाली येते. ही सारी ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्यांत गेली, तर त्या तापून पकडच सोडतात. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, वेग इंजिनावर धरावा आणि ब्रेक थोडा वेळ जोराने लावून मोकळा सोडावा. पाय सतत टेकवून ठेवू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. आपल्या दमट हवेत हा खर्च टाळू नये.

टायरवर चार आकडी तारीख असते. २३२४ असे लिहिले असेल, तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली, तरी सहा वर्षांनंतर तो उतरवावा. स्टेपनीचाही हाच हिशोब, कारण ती न वापरताच म्हातारी होते. हवा सकाळी, गाडी धावण्यापूर्वी तपासावी आणि काट्यावर मिळालेल्या आसाच्या वजनाप्रमाणे भरावी.

वर्षाचे चक्र

रोज निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी. खाली तेलाचा किंवा कूलंटचा डाग, चाकांचे नट, छतावरचे पॅनेल, बंद रेग्युलेटर, आत ओढून घेतलेली पायरी. यास पाच मिनिटे लागतात. इंजिन ऑइल, फिल्टर आणि ग्रीसिंग कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे करावे, परंतु सतत घाटात आणि धुळीत चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेची वाट न पाहता उघडून झटकावा.

मोठे काम आम्ही वर्षातून दोनदा काढतो. मृग लागण्याच्या किमान पंधरा दिवस आधी छतावर चढून प्रत्येक सीलंटची रेघ बोटाने तपासतो, दारांचे रबर सिलिकॉन स्प्रेने पुसतो, वायपर बदलतो आणि गाडीच्या तळाला गंजरोधक थर देतो. नंतर पाइपने छतावर अर्धा तास पाणी सोडून आतून टॉर्चने पाहतो. दुसरे काम खंडेनवमीला. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारे पुसून पूजेला मांडतातच. आम्ही गाडीतली सर्व अवजारे खाली उतरवून मोजतो, पान्यांना तेल लावतो, फ्यूज, पंखपट्टा, होजपाइप, क्लिपा, पंपाचा सुटा डायफ्राम यांची यादी पाहून कमी असलेले भरतो आणि मग गाडीला हार घालतो. पावसाळ्यात साचलेला गंज आणि उंदरांनी कुरतडलेली वायर याच दिवशी सापडते.

मुक्काम

खानापूरच्या जंगलात, विशेषतः भीमगड अभयारण्याच्या परिसरात, रस्त्याकडेला रात्र काढू नये. तिथे वन खात्याची परवानगी लागते आणि ती नसताना थांबणे जनावरांच्या व आपल्या दोघांच्याही दृष्टीने वाईट. गावात थांबायचे असेल, तर अंधार पडण्यापूर्वी पोहोचून देवळाच्या पुजाऱ्यांना किंवा पंचायतीतल्या कोणाला तरी विचारावे. आम्हाला आजवर क्वचितच कोणी नाही म्हटले आहे. बैलहोंगलच्या पलीकडे मराठीवर भागत नाही. ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘बलक्के’ म्हणजे उजवीकडे, ‘एडक्के’ म्हणजे डावीकडे एवढे कन्नड आले, तरी माणसे आपुलकीने पुढचे सांगतात. काळ्या मातीच्या शेतवाटेवर ढग असताना गाडी घालू नये. रात्रीत पाऊस पडला, तर ट्रॅक्टर आल्याशिवाय ती निघत नाही. सौंदत्तीला यल्लम्मा देवीच्या पौर्णिमेच्या यात्रांच्या दिवसांत डोंगरावर गाडी नेण्याचा विचार सोडावा.

आणि उसाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, निपाणी, चिकोडी, गोकाक या पट्ट्यात अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना रस्त्यावर असतात आणि ते अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. आम्ही या महिन्यांत सायंकाळी साडेपाचला, जिथे असू तिथे, थांबण्याची जागा शोधू लागतो.